शेवटच्या तिरप्या रेघेपलीकडे

भोसरी एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या मशिन शॉपमध्ये एकाच छपराखाली तीन-चार कंपन्यांची कंट्रोल्स नांदताना दिसतात. टर्निंग सेंटर फॅनुकवर चालतात, एखादी व्हीएमसी सीमेन्सच्या सिन्युमेरिकवर, आणि मालकाने कर्ज काढून आणलेलं फाइव्ह-अ‍ॅक्सिस हायडेनहाइनवर. साठच्या दशकात टेल्को पिंपरीत आली, १९९९मध्ये बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना सुरू झाला, २००९मध्ये फोक्सवॅगन आली. प्रत्येक टप्प्यावर पुरवठादारांनी त्या त्या वेळी परवडेल ते मशिन घेतलं. आता ग्राहक विचारतो, कोणत्या मशिनवर कोणता प्रोग्राम किती वेळ चालला? मग मशिन मॉनिटरिंग बसतं. एका छोट्या पीसीवर सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम दर काही सेकंदांनी प्रत्येक कंट्रोलला विचारत राहतो, आत्ता काय चालू आहे? उत्तरात पूर्ण पाथ येतो. भिंतीवरच्या स्क्रीनला मात्र त्याचा फक्त शेवटचा तुकडा हवा असतो.

हे काम दोन ओळींचं समजलं जातं. लॅबच्या जर्नलमध्ये ते असतं, मुलाखतीत विचारलं जातं, आणि ज्याला ते सुचत नाही त्याच्याकडे जरा दयेने पाहिलं जातं. प्रत्यक्षात सी भाषेला पन्नास वर्षं उलटून गेल्यावरही याचं एक सर्वमान्य उत्तर नाही. पाथ कोणी लिहिला हे कळल्याशिवाय त्याचा शेवटचा तुकडा कोणता हे सांगताच येत नाही, हे त्याचं कारण. भोसरी-चाकणच्या या पट्ट्यात काम करणाऱ्याला ही गोष्ट फार लवकर कळते, कारण पाथ लिहिणारे चार जण त्याच्या एकाच टेबलावर येऊन बसलेले असतात.

सीच्या मानकात डिरेक्टरी ही कल्पनाच नाही. १९८९च्या पहिल्या मानकापासून सी-२३पर्यंत फाइल उघडणाऱ्या 'एफओपन'ला एक स्ट्रिंग दिली जाते आणि तिचा अर्थ लावण्याचं काम ऑपरेटिंग सिस्टिमवर सोडलं जातं. मल्टिक्समध्ये पाथचे तुकडे 'पेक्षा मोठे'च्या चिन्हाने जोडत. युनिक्सने तिरपी रेघ घेतली. डॉसच्या १९८१च्या पहिल्या आवृत्तीत डिरेक्टऱ्याच नव्हत्या. १९८३मध्ये दुसऱ्या आवृत्तीत त्या आल्या तेव्हा सरळ तिरपी रेघ कमांडच्या स्विचांसाठी आधीच वापरात होती, म्हणून उलटी रेघ घेतली गेली. योगायोग असा की सीमध्ये हीच उलटी रेघ विशेष अक्षरांची नांदी असते. म्हणून 'टीसी' नावाच्या फोल्डरचा पाथ साध्या स्ट्रिंगमध्ये एकेरी उलटी रेघ देऊन लिहिला की रेघ आणि 'टी' मिळून टॅब तयार होतो, आणि 'एन'ने सुरू होणारं नाव नवी ओळ पाडतं. कॅम्पस मुलाखतीत हा प्रश्न इतका फिरला आहे की मुलं उत्तर पाठ करून येतात आणि पहिल्याच नोकरीत तीच चूक करतात.

सगळ्यात प्रचलित उपाय 'स्ट्रआरसीएचआर'चा. हे फंक्शन स्ट्रिंगमध्ये दिलेलं अक्षर शेवटचं कुठे आलं त्याचा पॉइंटर देतं. सापडलं तर त्याच्या पुढचं घर, नाही सापडलं तर मूळ स्ट्रिंग. बुटकं, जलद, कशालाही हात न लावणारं. लिनक्स कर्नलमधलं 'केबेसनेम' हेच करतं, आणि कर्नलला ते पुरतं, कारण तिथे येणारे पाथ कसे असतात हे लिहिणाऱ्याला माहीत आहे. जुन्या कोडमध्ये याच कामासाठी 'आरइंडेक्स' दिसतं. पॉझिक्स या मानकाने २००८च्या आवृत्तीत ते काढून टाकलं, तेव्हा नव्या कामात ते घालू नये. एक खोड मात्र बराच काळ टिकली. 'स्ट्रआरसीएचआर' कॉन्स्ट स्ट्रिंग घेतं आणि परत देताना कॉन्स्ट गुपचूप काढून टाकतं. जिला हात लावायचा नाही अशी स्ट्रिंग देऊन हात लावायची मुभा असलेला पॉइंटर मिळतो, आणि कंपायलर गप्प बसतो. सी-२३ने हे दुरुस्त केलं: कॉन्स्ट दिलं तर कॉन्स्टच परत.

आता '/कारखाना/भोसरी/' हा पाथ घ्या. शेवटी रेघ आहे. याचा शेवटचा तुकडा कोणता? 'स्ट्रआरसीएचआर' म्हणतं, काहीच नाही, रिकामी स्ट्रिंग. पॉझिक्सचं 'बेसनेम' म्हणतं, 'भोसरी', कारण ते शेवटच्या रेघा आधी झटकून टाकतं. शेलवरची त्याच नावाची कमांडही तेच सांगते. ग्नूचं 'बेसनेम' म्हणतं, रिकामी. सी++१७मधली फाइलसिस्टिम लायब्ररीही रिकामीच देते. विंडोजचं 'पाथफाइंडफाइलनेम' तर उलट्या रेघांच्या अशाच पाथसाठी 'भोसरी\' असं रेघेसकट हातात ठेवतं. यातलं कुणीही चुकलेलं नाही. शेवटची रेघ म्हणजे 'हे फोल्डर आहे' असं मानणारे एका बाजूला, आणि ती निव्वळ सजावट मानणारे दुसऱ्या बाजूला, एवढाच मतभेद आहे. आपल्याला कुठल्या बाजूला उभं राहायचं आहे हे ठरवल्याशिवाय फंक्शन निवडायला गेलेला माणूस मात्र निश्चित चुकतो.

पॉझिक्सचं 'बेसनेम' कागदावर सगळ्यात विचारपूर्वक लिहिलेलं आहे. रिकामी स्ट्रिंग किंवा नल पॉइंटर दिला तर ते '.' परत करतं, नुसत्या '/'ला '/' देतं. नुसत्या '//'चं काय करायचं ते मात्र प्रत्येक सिस्टिमवर सोपवलेलं आहे. त्रास दुसरीकडे आहे. पॉझिक्सने त्याला दिलेल्या स्ट्रिंगमध्ये फेरफार करण्याची परवानगी दिली आहे, आणि उत्तर स्वतःच्या कायम बफरमध्ये ठेवून पुढच्या हाकेला ते पुसण्याचीही. लिनक्सवरच्या ग्लिबसी या लायब्ररीतलं पॉझिक्स रूप पहिली परवानगी वापरतं: शेवटी रेघ असेल तर तिच्या जागी शून्य लिहून स्ट्रिंग तोडतं. स्ट्रिंग कोडमध्येच लिहिलेली स्थिर असेल तर प्रोग्राम तिथेच कोसळतो. रेघ नसेल तर काहीच लिहावं लागत नाही, म्हणून तोच कोड वर्षानुवर्षं सुरळीत चालतो. मग कुणीतरी डिफॉल्ट फोल्डरच्या नावापुढे नीटनेटकेपणासाठी एक रेघ जोडतं आणि रात्रपाळीत सगळं बंद पडतं.

त्याहून विचित्र भाग म्हणजे एकाच ग्लिबसीत एकाच नावाची दोन फंक्शनं आहेत. 'लिबजेन.एच' हेडर घेतला की 'बेसनेम' म्हणजे पॉझिक्सचं. तो न घेता ग्नू सोर्सचा मॅक्रो लावून फक्त 'स्ट्रिंग.एच' घेतला की ग्नूचं, जे स्ट्रिंगला हात लावत नाही पण शेवटच्या रेघेला रिकामं उत्तर देतं. फाइलच्या वरच्या टोकाला एक इन्क्लूड वाढला की खालच्या टोकाचं उत्तर बदलतं, आणि कंपायलर हूं की चूं करत नाही. भाषेतल्या अनेक जुन्या तडजोडी मला मान्य आहेत. ही नाही.

या तडजोडीची किंमत २०२४मध्ये पुष्कळांनी मोजली. लहान गेटवे आणि राउटरांवर ग्लिबसीऐवजी मसल ही हलकी लायब्ररी असते. ओपनडब्ल्यूआरटी आणि अल्पाइन तीच वापरतात. मसलच्या १.२.५ आवृत्तीने 'स्ट्रिंग.एच'मधली 'बेसनेम'ची घोषणा काढून टाकली. ज्यांनी 'लिबजेन.एच' घेतला नव्हता त्यांच्या कोडला ते फंक्शन आता घोषणेविना दिसू लागलं. अशा वेळी जुन्या कंपायलरची समजूत असते की फंक्शन पूर्णांक परत करतं. ६४ बिटांच्या मशिनवर पॉइंटरचा वरचा अर्धा भाग कापला जातो, आणि जो पत्ता हाती येतो त्यावर काय असेल ते नशीब. त्याच वर्षी जीसीसी १४ने अघोषित फंक्शनची हाक ही इशाऱ्याऐवजी थेट चूक ठरवली. त्यामुळे गोष्टी चालताना कोसळण्याऐवजी बिल्ड होतानाच अडू लागल्या. चरफडायला लावणारा पण चांगला बदल.

विंडोजकडे वळण्याआधी टर्बो सीचं नाव घ्यायलाच हवं, कारण इथल्या बहुतेकांनी सी त्या निळ्या पडद्यावरच शिकली. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' एका हाताला आणि टर्बो सी दुसऱ्या हाताला, असे महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी कॉलेजांचे अनेक बॅच बाहेर पडले. टर्बो सीमध्ये 'एफएनस्प्लिट' होतं. ते पाथचे चार तुकडे करायचं: ड्राइव्ह, डिरेक्टरी, नाव, एक्स्टेन्शन. त्याच्या हेडरमध्ये पूर्ण पाथला ८०, नावाला ९ आणि एक्स्टेन्शनला ५ घरं ठरलेली होती, शेवटचं शून्य धरून. डॉसच्या आठ-तीनच्या नावांना ते पुरेसं होतं. हे माप ज्यांच्या बोटांत बसलं ते आजही नावासाठी तोकडा अ‍ॅरे लिहितात, आणि मग डिझाइनवाला 'शाफ्ट_रेव्ह०३_फायनल_फायनल' पाठवतो. मायक्रोसॉफ्टचं 'स्प्लिटपाथ' याच घराण्यातलं. त्याच्या सुरक्षित रूपाला प्रत्येक बफरची लांबी सांगावी लागते, आणि तेच वापरावं. विंडोजवर दोन्ही रेघा चालतात, शिवाय ड्राइव्हच्या अक्षरानंतरचा कोलनही. 'सी:शाफ्ट.एनसी' हा रेघ नसलेला पण वैध पाथ आहे. त्यात नुसती रेघ शोधणारा 'सी:'सकट सगळं फाइलचं नाव म्हणून दाखवतो.

कॉलेजातून आलेला आणखी एक प्रकार 'स्ट्रटॉक'चा. रेघेवर तोडत जायचं आणि शेवटचा तुकडा ठेवायचा. हे फंक्शन मूळ स्ट्रिंग फाडतं आणि कुठवर आलो ते स्वतःच्या आत लक्षात ठेवतं. प्रत्येक मशिनला एक थ्रेड असलेल्या मॉनिटरिंगमध्ये ग्लिबसीवर हे वापरलं तर सगळ्या थ्रेडांची आठवण एकच. मग एका मशिनच्या नावापुढे दुसऱ्याचा प्रोग्राम दिसू लागतो, आणि तोही अधूनमधून, म्हणजे कुणी बघायला आलं की सगळं बरोबर. 'स्ट्रटॉक' इथे वापरू नये. याला अपवाद मला माहीत नाही.

पुन्हा शॉप फ्लोअरवर येऊ. फॅनुकशी बोलायला फोकास नावाची सीची लायब्ररी आहे. चालू प्रोग्रामचा पूर्ण पाथ तिच्याकडून मागता येतो आणि तो '//सीएनसी_एमईएम/यूजर/पाथ१/ओ१२३४' अशा घाटाचा येतो. सुरुवातीलाच दोन रेघा. एकाऐवजी दोन रेघा दिसल्या की 'स्वच्छ' करण्याची सवय ज्याच्या हाताला आहे तो इथे पाथ बिघडवतो आणि कंट्रोल तो परत स्वीकारत नाही. यातला 'पाथ१' हाही फसवा: तो मशिनच्या पहिल्या नियंत्रण-मार्गाचा फोल्डर आहे, दोन टरेट असलेल्या लेथवर 'पाथ२'ही भेटतो. जुन्या फॅनुक कंट्रोलवर तर फोल्डरच नसत. 'ओ'पुढे चार आकडे एवढंच प्रोग्रामचं नाव, आणि आरएस-२३२च्या केबलने तो पाठवायचा. अशा मशिनकडून नुसता आकडा येतो. त्याला पाथ समजून तोडायला जाणाऱ्या फंक्शनने, रेघ नसली तर आहे ते जसंच्या तसं परत करणं, एवढं तरी पाळायला हवं.

सिन्युमेरिकची जुनी पद्धत वेगळीच. तिथे '/_एन_एमपीएफ_डीआयआर/_एन_शाफ्ट_एमपीएफ' असं येतं. रेघेवर तोडून '_एन_शाफ्ट_एमपीएफ' मिळतं, पण ऑपरेटरच्या पडद्यावर तोच प्रोग्राम 'शाफ्ट.एमपीएफ' म्हणून दिसतो. पुढचं '_एन_' काढायचं आणि शेवटच्या अंडरस्कोरचा टिंब करायचा. तोही फक्त शेवटच्याचा, कारण पार्ट नंबरात आधीच दोन-तीन अंडरस्कोर असतात. हायडेनहाइनचं तिसरंच: 'टीएनसी:\एनसी_प्रोग\शाफ्ट.एच'. ड्राइव्हचं नाव तीन अक्षरी, रेघ उलटी. विंडोजसाठी लिहिलेला जो कोड ड्राइव्हला एकच अक्षर गृहीत धरतो तो इथे गडबडतो. मॉनिटरिंगचा पीसी लिनक्सवर असेल तर लिनक्सच्या 'बेसनेम'ला उलटी रेघ हे एक साधं अक्षर वाटतं आणि पूर्ण पाथच नाव म्हणून परत येतो. लिनक्सच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. युनिक्सच्या फाइलनावात उलटी रेघ खुशाल असू शकते. पाथ एका मशिनचा आणि तोडणारं फंक्शन दुसऱ्या मशिनचं, ही या पट्ट्यातली नेहमीची स्थिती आहे. लायब्ररीतलं कुठलंही तयार फंक्शन हे धरून लिहिलेलं नसतं, कारण ती सगळी आपापल्या घरच्या पाथसाठी आहेत.

आणखी एक खड्डा अक्षरांचा. चाकणमध्ये ब्रिजस्टोनसारखे जपानी कारखाने आहेत, त्यांच्यामागे जपानी पुरवठादारही येतात, आणि जपानहून आलेल्या जुन्या फायलींची नावं शिफ्ट-जिस या संकेतात असू शकतात. त्यात बरीच अक्षरं दोन बाइटांची, आणि दुसरा बाइट कधीकधी ९२, म्हणजे नेमका उलट्या रेघेचा. कताकाना 'सो' १३१ आणि ९२ असा लिहिला जातो. तक्ता या अर्थाचं 'ह्यो' १४९ आणि ९२ असं. पार्टांच्या तक्त्याच्या फाइलचं नाव 'ह्यो'वर संपत असेल, तर बाइट-बाइट उलटी रेघ शोधणारा नाव अक्षराच्या पोटातूनच कापतो. सरळ रेघेचा बाइट ४७. तो शिफ्ट-जिसमध्ये दुसऱ्या जागी येऊ शकत नाही, म्हणून युनिक्सवाले यातून सुटतात.

मराठी नावांचं काय? यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं आणि तिन्ही बाइट १२७च्या वरचे. 'य' म्हणजे २२४, १६४, १७५. त्यात ४७ किंवा ९२ येणं शक्यच नाही. 'स्ट्रआरसीएचआर' निर्धास्त वापरावं. इस्की या १९९१च्या भारतीय मानकातही देवनागरी वरच्या अर्ध्यात बसवलेली होती, तेव्हा तिथेही धोका नव्हता. पण विंडोज आतून यूटीएफ-१६ वापरतं, आणि तिथे 'य'चा क्रमांक २३५१ आहे: एक बाइट ९, दुसरा ४७. 'यादी' हे नाव यूटीएफ-१६मध्ये असताना लांबी देऊन बाइट-बाइट शोधणाऱ्याला पहिल्याच अक्षरात तिरपी रेघ सापडते. हिंदीतल्या नुक्तेवाल्या 'ड़'मध्ये तसाच ९२ दडलेला आहे. 'सी:'ने सुरू होणाऱ्या पूर्ण पाथला साधं 'स्ट्रआरसीएचआर' लावलं तर ते इतकं पुढे जातच नाही. रोमन अक्षराच्या जोडीला येणाऱ्या शून्य बाइटापाशी ते थांबतं आणि 'रेघ नाही' म्हणतं. उपाय सोपा आहे. रुंद अक्षरांच्या स्ट्रिंगसाठी रुंद अक्षरांचंच फंक्शन वापरायचं, आणि कंपायलरने पॉइंटरच्या प्रकाराबद्दल तक्रार केली की कास्ट टाकून तिचं तोंड बंद करायचं नाही.

हिंजवडीत गाडीच्या ईसीयूचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना हा प्रश्न वेगळ्या वाटेने भेटतो. ईसीयूवर बहुधा फाइलसिस्टिमच नसते. पण कंपायलरचा 'फाइल' मॅक्रो प्रत्येक लॉगमध्ये आणि असर्टमध्ये सोर्स फाइलचा पाथ घुसडतो, आणि बिल्ड सर्व्हरने पूर्ण पाथ दिला असेल तर पूर्णच घुसतो. काटकसरीने मोजलेल्या फ्लॅश मेमरीत अभियंत्याच्या फोल्डरांची नावं जाऊन बसतात. चालताना 'स्ट्रआरसीएचआर' लावून छोटं नाव छापलं तरी पूर्ण स्ट्रिंग बायनरीत तशीच राहते, कारण पॉइंटर फक्त तिच्या मध्यावर बोट ठेवतो. शिवाय तोच कोड दोन जणांनी वेगळ्या फोल्डरांत बिल्ड केला की बायनरी जुळत नाही, आणि ऑडिटच्या वेळी 'फरक फक्त पाथचा आहे' हे पटवून देण्यात दुपार जाते. म्हणून इथे काम कंपायलरवर सोपवावं. जीसीसी ८पासून पाथचा पुढचा भाग बदलून टाकणारा पर्याय आहे. फक्त शेवटचा तुकडा देणारा 'फाइल नेम' मॅक्रो क्लॅंगमध्ये नवव्या आवृत्तीपासून आणि जीसीसीत बाराव्या आवृत्तीपासून मिळतो. गाड्यांच्या सॉफ्टवेअरसाठीच्या ऑटोसार या मानकाने तर स्ट्रिंगच टाळली: तिथल्या डिफॉल्ट एरर ट्रेसरला मॉड्यूल, इन्स्टन्स, एपीआय आणि चूक यांचे क्रमांक दिले जातात, फाइलचं नाव नाहीच. मिस्रा सी ही नियमावली पाळणाऱ्यांसाठी एक सूचना. पॉइंटरमध्ये एक मिळवून पुढचं घर गाठण्यावर २०१२च्या आवृत्तीतला १८.४ हा सल्लावजा नियम बोट ठेवतो, म्हणून अ‍ॅरेच्या रूपात पहिल्या घराचा पत्ता घ्यावा. अर्थ तोच, तपासनीस खूश.

मग मशिन शॉपच्या त्या पीसीवर काय लिहावं? माझं मत स्वतःचं छोटं फंक्शन लिहिण्याच्या बाजूने आहे. त्याला तीन गोष्टी द्याव्यात: स्ट्रिंग, तिची लांबी, आणि त्या कंट्रोलची तोडणारी अक्षरं. फॅनुकला फक्त सरळ रेघ, हायडेनहाइनला उलटी रेघ आणि कोलन. फंक्शनने शेवटाकडून सुरुवात करावी, आधी शेवटच्या रेघा ओलांडाव्यात, तिथे खूण करावी, मग पुढची रेघ येईपर्यंत मागे यावं. उत्तर म्हणून सुरुवातीचा पॉइंटर आणि लांबी द्यावी. मूळ स्ट्रिंगला हात लागत नाही, मेमरी मागावी लागत नाही, थ्रेडांचा प्रश्न उरत नाही. शून्याने संपणारी स्ट्रिंग मिळत नाही ही अडचण खरी, पण छापताना लांबी देता येते. सगळ्याच रेघा निघाल्या किंवा काहीच मिळालं नाही तर लांबी शून्य द्यावी. पॉझिक्ससारखा टिंब देऊ नये, नाहीतर भिंतीवरच्या स्क्रीनवर चालू प्रोग्रामच्या जागी '.' दिसेल आणि सेटर फोन करेल. सिन्युमेरिकची '_एन_' काढण्याची करामत या फंक्शनात कोंबू नये. ती नंतरची, वेगळी पायरी.

आणि तोडलेला तुकडा फक्त दाखवण्यासाठी वापरावा. भोसरीतल्या प्रत्येक फॅनुकवर कुठला ना कुठला 'ओ०००१' असतो, एका मशिनवर यूजर फोल्डरात वेगळा आणि डेटा सर्व्हरवर वेगळा. दोघांचा शेवटचा तुकडा एकच, पार्ट मात्र निरनिराळे. महिनाअखेरीस तासांची बेरीज त्या तुकड्यावरून केली तर दोन पार्टांचे तास एका ओळीत मिसळतात. नंतर ते वेगळे करायला मूळ पाथ लागतो, आणि तो डेटाबेसमध्ये घालण्याआधीच कुणीतरी जागा वाचवायला कापून टाकलेला असतो. डेटाबेसच्या रकान्यात मशिनचं नाव आणि पूर्ण पाथ, कंट्रोलने दिला तसा, दोन रेघांसकट ठेवावा. कापणी स्क्रीनच्या दारात.